जामदारसाहेबांची नऊ कपाटं

नव्या माणसाशी ओळख झाली की लोक त्याचं गाव विचारतात, पगार विचारतात, आमच्यातले काही चिवट लोक गोत्रसुद्धा विचारतात. जामदारसाहेब विचारायचे, "आपल्याकडे बरीच वर्षं न उघडलेली एखादी खोली आहे का?" हा प्रश्न त्यांनी भोपाळहून तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांना विचारला होता, एका लग्नात ऐन सीमांतपूजनाच्या वेळी वधूपित्याला विचारला होता, आणि एकदा दातांच्या डॉक्टरला, स्वतःची दाढ त्याच्या चिमट्यात असताना. मला विचारला तेव्हा मी कचेरीत रुजू होऊन पुरता एक चहाही प्यालो नव्हतो. मी आपला विनोद केला. म्हणालो, आमच्याकडे खोल्या दोनच, त्यातली एक आईची, आणि ती कुणाला उघडू देत नाही. संध्याकाळी जामदारसाहेब छत्री घेऊन आमच्या दारात उभे. आईला वाकून नमस्कार केला, तिच्या खोलीत शिरून लोणच्याच्या बरण्यांमागे डोकावले, भिंतीतल्या फडताळावर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावला आणि खेदानं मान हलवली. जाताना दोन पापड खाल्ले. आई पुढे महिनाभर मला विचारत होती की तुमच्या कचेरीत जप्तीचं काम असतं का.

ते शोधत होते कपाटं. कपडे ठेवायची नव्हेत. पैसा टाकला की खेळणारी. संस्थानी काळात, आणि महूला गोऱ्यांची पलटण होती तेव्हा, क्लबात आणि सोल्जरांच्या कँटीनमध्ये ही विलायती कपाटं असत. पुढे काच, आत बाहुल्या, बाजूला एक फट. फटीत पेनी टाकली की आत काहीतरी घडे. इवलेसे खेळाडू चेंडूला लाथा मारत, घोडे पळत, एखादी म्हातारी हात फिरवून भविष्याचं कार्ड खाली सोडी. पेनीच्या मापाचा आपला जुना ढब्बू पैसाही त्या फटीत बरोबर बसे. मग गोरे गेले, संस्थान विलीन झालं, मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागोमाग इंदूरच्या कचेऱ्याही एकेक करून उठल्या. त्यातच नवे पैसे आले. ढब्बूला कुणी विचारेना आणि ही कपाटं मुकी झाली. बंद खोल्यांत पडून राहिली, खोल्या रिकाम्या करायची वेळ आली की कबाडखान्यात गेली. कबाडी काच काढत, पितळ वेगळं करत आणि लाकूड हलवायाच्या भट्टीला विकत. राजधानी गेल्याचं सुतक सगळ्या इंदुरानं पाळलं. जामदारसाहेब मात्र म्हणायचे, "गेली तर गेली भिया. पण जाताना खोल्या उघड्या टाकून गेली, त्याचा कुणी फायदा घेणार की नाही?"

त्यांचे आजोबा दरबारच्या जामदारखान्यात होते. शालू, शेले, जवाहीर, सगळं त्यांच्या कुलपाखाली. संस्थानाबरोबर जामदारखाना गेला, आडनाव तेवढं नातवाकडे राहिलं आणि त्याबरोबर कुणाचीही वस्तू सांभाळायची खोड. आमच्या कचेरीत ते मुख्य कारकून होते. काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि कोटाच्या आतल्या खिशात तेलाची एक कुपी आणि कावळ्याचं पीस. कोट वर्षानुवर्षं छातीच्या डाव्या बाजूला तेलकट असे. यंत्र बिघडलं असं ते चुकूनही म्हणत नसत. "तबियत नरम आहे" म्हणायचे. मल्हारगंजात एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरात वरच्या दोन खोल्या आणि खालचं गोदाम त्यांनी भाड्यानं घेतलं होतं. वर ते आणि काकू, खाली कपाटं. काकूंच्या मते हिशेब उलटा होता: खाली कपाटांचा संसार, आणि वर हे दोघं पाहुणे.

या माणसाच्या नादी मी का लागलो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी दिसायला धडधाकट होतो, शेजारच्याच गल्लीत राहत होतो आणि मला नाही म्हणता येत नव्हतं, एवढी तीन कारणं त्यांना पुरली. एका रविवारी ते मला "जरा महूला फिरून येऊ" म्हणून घेऊन गेले. मी बापडा नवा शर्ट घालून गेलो. महूच्या एका कबाडखान्यात, मोडक्या पलंगांच्या ढिगामागे, खांद्याएवढ्या उंचीचं एक काळपट कपाट उभं होतं. जामदारसाहेब त्याच्यासमोर चप्पल काढून उभे राहिले. मी तोवर काच पुसून आत पाहिलं. रंगवलेली तुरुंगाची भिंत, दोन बंद दारं, वर घड्याळ. मला वाटलं राजवाडा असेल. फटीत बोट घालून पाहिलं, आणि बोट आत अडकलं.

पुढचा अर्धा तास मी त्या कपाटाला जावयासारखा चिकटून उभा होतो. कबाडी हसत होता. शेजारच्या हलवायाकडून तूप आलं. जामदारसाहेब वाकून, डोळे बारीक करून माझ्या बोटाकडे पाहत होते, तेव्हा मला बरं वाटलं की निदान काळजी तरी आहे. ते म्हणाले, "लिमयेजी, फटीला काही झालं नाही ना?"

बोट सुटल्यावर सौदा सुरू झाला. सौद्याची तऱ्हा अशी की विकणाऱ्यानं पाहत राहावं. जगात सगळे लोक घ्यायच्या वस्तूला आधी नावं ठेवतात. हे गृहस्थ कबाड्यासमोर हात जोडून म्हणाले, "क्या चीज़ संभाली है आपने, मियाँ. ऐसी तो पूरे मालवे में नहीं होगी." मी मागून त्यांचा कोट ओढतोय, आणि कबाडी डोळ्यांदेखत भाव चढवतोय. परतीच्या वाटेवर मी संतापून विचारलं की हे काय चाललंय. त्यावर म्हणाले, "दुसऱ्याच्या वस्तूला नावं ठेवून ती घरी आणायची? मग ती घरी नांदेल का, सांगा." उत्तर सुचायचं ते दुसऱ्या दिवशी, कचेरीत, तेव्हा ते तिसऱ्याच कपाटाबद्दल बोलत असत.

ते धूड महूच्या गाडीत गार्डाची मनधरणी करून चढवलं, स्टेशनवरून ठेल्यावर घातलं आणि मल्हारगंजाच्या गल्लीत शिरलो तेव्हा माझा नवा शर्ट त्या कबाड्याचा वाटला असता. गोदामात तेल-पीस झाल्यावर जामदारसाहेबांनी कोटातून एक ढब्बू काढून मोठ्या इतमामानं माझ्या हातात दिला. मी टाकला. आत खर्रर्र झालं. दोन्ही दारं उघडली. आत एक पाद्री, एक जेलर, आणि मधोमध गळ्यात दोर घातलेला एक इवलासा माणूस. पाद्र्यानं मान खाली घातली. ठप्! इवल्याशा माणसाच्या पायाखालची फळी गेली. दारं मिटली.

फाशी. एका पैशात एक फाशी. गोरे लोक दिवसभराच्या कवायतीनंतर करमणूक म्हणून हे पाहत असत. मी घाम पुसत विचारलं, यासाठी मी रविवार घालवला? जामदारसाहेब खुशीत होते. "अहो, पुन्हा पैसा टाका, पुन्हा उभा राहतो तो. अशी असामी दाखवा मला कचेरीत."

काकू जिन्यात उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. त्यांनी तिथूनच जाहीर केलं की हे मेलं कपाट जिन्याची एक पायरी जरी चढलं तरी त्या माहेरी देवासला जातील. आठ कपाटं त्यांनी कशीबशी सोसली होती. हे नववं त्यांना अपशकुनासारखं वाटलं. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी त्याचं नाव 'तो मेला' असं पडलं. भांडं पडलं, दूध नासलं, नळाला पाणी आलं नाही, दोष त्या मेल्याचा.

आता माझ्या कर्तबगारीचं सांगतो. दोन-तीन वर्षं त्यांच्यामागे नुसत्या रिकाम्या खोल्या हिंडल्यावर मला वाटू लागलं की आपल्यालाही नजर आली. उज्जैनला एका दूरच्या मामांकडे गेलो होतो. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्याचं सामान लिलावात घेतलं होतं, आणि त्याची एक खोली खरोखरच बंद होती. आत धुळीत एक देखणी पेटी. उत्तम लाकूड, पितळी कड्या, वर उघडणारं झाकण, झाकणाखाली गोल भोक. मी पेरानं टकटक केलं, कान लावला. पोकळ आवाज. मी मनात म्हटलं, चेंडू टाकायचा खेळ. मामांनी ती आनंदानं नेऊ दिली. मी बसच्या टपावर पेटी चढवली आणि विजयी वीरासारखा घरी आलो. आईनं दारातच थांबवलं. घरात नवी वस्तू येते म्हणून तिनं पेटीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, वर एक फूल ठेवलं, आणि मग बैठकीत मधोमध मांडायला परवानगी दिली. मी जामदारसाहेबांना बोलावणं पाठवलं.

ते आले. झाकण उघडलं. आत डोकावले आणि झाकण हळूच मिटलं. आई चहा करायला आत गेल्यावर माझ्या कानाशी येऊन हळू म्हणाले, "लिमयेजी, यात पैसा टाकायचा नसतो. साहेब लोक यावर सकाळी बसत."

मी खुर्चीवर बसलो, आणि लगेच उठलो. बैठकीच्या मधोमध कुंकू लावलेलं कमोड. जामदारसाहेबांनी तेवढ्यात आईची चादर मागून घेतली, पेटी झाकली, आणि आई चहा घेऊन आल्यावर तिला सांगितलं की वस्तू फार दुर्मिळ आहे, घरात ठेवण्याजोगी नाही, ती सरकारजमा करावी लागेल. ठेला करून स्वतः घेऊन गेले. आई शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत असे की आमच्या मुलानं सरकारला एक मौल्यवान वस्तू दिली. तेवढं एक सोडलं तर या माणसानं मला वैतागापलीकडे काही दिलं, असं मला त्या काळात वाटत नसे.

मग ते संकट आलं. घरमालक सेठजींनी गोदाम मागितलं. त्यांच्या मुलाला वेगळं दुकान काढून द्यायचं होतं आणि गव्हाची पोती ठेवायला जागा हवी होती. सेठजी माणूस वाईट नव्हता. वरच्या खोल्यांना त्यानं हात लावला नाही. फक्त म्हणाला, "दिवाली तक ये लकड़ी के भूत हटा लो, बाबूजी. फिर हम नहीं बोलेंगे." गोदाम गेलं की नऊ कपाटांना जागा नाही, आणि जागा नाही म्हणजे सियागंजातल्या कबाड्याची कुऱ्हाड, हे सरळ होतं.

आम्ही दोघं दारोदार फिरलो. वस्तुसंग्रहालयातले गृहस्थ म्हणाले, वस्तू पुरेशा जुन्या नाहीत, शंभर वर्षांनी या. एका क्लबाच्या सेक्रेटरीनं सांगितलं की इथूनच एक फेकलं होतं, आता परत कशाला घेऊ. एका गिरणीतली, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीची झांकी म्हणजे हलते देखावे बनवणारी मंडळी मात्र आनंदानं आली. त्यांना आतली यंत्रं आणि बाहुल्या हव्या होत्या, डबे नकोत. जामदारसाहेबांनी त्यांना चहा पाजला आणि दारापर्यंत पोचवून परत आले. "आतलं घ्यायचं आणि बाहेरचं फेकायचं. नारळ आहे का हा?" एवढंच बोलले. त्या महिन्यात कचेरीत तीन नवी माणसं बदलून आली. जामदारसाहेबांनी एकालाही खोलीबद्दल विचारलं नाही. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला तेव्हा कळलं.

शेवटी मीच व्यवहारी झालो. माझं व्यवहारी होणं म्हणजे काय ते कमोडवरून लक्षात आलंच असेल. सियागंजातल्या एका कबाड्याला मी गोदामात आणलं. तो कपाटं ठोकून, हलवून पाहत होता आणि जामदारसाहेब भिंतीशी उभे होते. त्यांनी एकच विचारलं, "तोड़ोगे?"

"तोड़ूँगा नहीं तो क्या पूजूँगा?" कबाडी म्हणाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माल उचलायचा असं ठरलं. ठेल्यांची जबाबदारी माझ्यावर. जामदारसाहेब शांतपणे म्हणाले की ठेले दसऱ्याच्या संध्याकाळीच बोलवा, सकाळी हमाल मिळत नाहीत. मला त्यांची दया आली. म्हटलं, स्वीकारलं बिचाऱ्यांनी. खंडेनवमीला मी गेलो तर गोदाम झाडून, सडा घालून, नऊही कपाटं ओळीनं उभी. दरबारी घराण्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. यांच्याकडे आजोबांची एक तलवार होती; ती आडवी ठेवून तिच्यामागे कपाटांची रांग मांडली होती. प्रत्येकाला झेंडूची माळ आणि हळदकुंकू. त्या मेल्यालासुद्धा. ते कुंकू कुणी लावलं ते मी विचारलं नाही, पण जामदारसाहेबांचं बोट तेलाचं असे, कुंकवाचं कधी नसे.

दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्याकडे काय असतं ते परगावच्या लोकांसाठी सांगतो. सीमोल्लंघन झालं की धाकट्यांनी थोरांच्या घरी जायचं, आपट्याची पानं हातात द्यायची, सोनं घ्या म्हणायचं आणि पाया पडायचं. थोरानं आशीर्वाद द्यावा आणि हातावर जे ठेवील ते घ्यावं. त्या दिवशी थोराच्या हातचं नाकारत नाहीत. वर्षभर कितीही भांडा. दसऱ्याला नाही म्हणायची रीत नाही. जामदारसाहेब गल्लीत आणि कचेरीत सगळ्यांत वडील, तेव्हा त्यांच्याकडे रांग लागायची. त्या वर्षी ते वर न बसता खाली गोदामात बसले होते.

पहिले आले आमचे कॅशियर साठे. सोनं दिलं, वाकले. जामदारसाहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "सोन्यासारखे राहा, साठेजी. आणि हे घेऊन जा." हात होता फुटबॉलच्या कपाटाकडे. साठ्यांना वाटलं, थट्टा. वर पाहतात तर बाहेर ठेला उभा, आणि हमालानं कपाटाला दोर लावायला सुरुवातही केलेली. ते "अहो, पण" म्हणाले. जामदारसाहेब म्हणाले, "आज दसरा आहे." साठे ठेल्यामागून चालू लागले. त्यांच्या मागोमाग बर्वे मास्तर आले, त्यांना भविष्यवाली म्हातारी मिळाली. आयुष्यभर ज्योतिषाला थोतांड म्हणणारा माणूस तिच्यामागे मान खाली घालून चालत गेला. एकेक करून लोक हसत येत होते आणि ठेल्यामागून घरी जात होते. सगळ्यांवर कळस म्हणजे खुद्द सेठजी आले. भाडेकरू असला तरी वयानं मोठा, तेव्हा तेही वाकले, आणि घोड्यांची शर्यत घेऊन गेले. जाताना मुलाला म्हणाले, "बड़ों का हाथ है रे. ना कैसे बोलूँ."

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. कारण मी चौकात उभा राहून एकेक ठेला इकडे पाठवत होतो. माझ्या हातानं. मनात म्हणत होतो, किती मन लावून काम करतोय मी. शेवटचा ठेला घेऊन आलो तेव्हा गोदामात एकच कपाट उरलं होतं, आणि जामदारसाहेब माझ्याकडे प्रेमानं पाहत होते. माझ्या हातात आपट्याचं पान होतं. पळून जाता आलं असतं. मी वाकलो.

दुसऱ्या दिवशी सियागंजचा कबाडी रिकाम्या गोदामात उभा राहून मला ज्या शिव्या देत होता त्या मी इथे लिहीत नाही. त्याचं बरोबर होतं.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं जामदारसाहेबांचा रविवार ठरलेला. तेलाची कुपी, पीस, छत्री, आणि नऊ घरांची फेरी, एका रविवारी एक घर. दारातून शिरताना माणसांची विचारपूस नाही, "तबियत कशी आहे?" हा प्रश्न कपाटाबद्दल असे, आणि दोन वेळा तापानं फणफणलेल्या साठ्यांनी त्याचं गैरसमजानं उत्तर दिलं. सगळ्या घरांत कुरकुर होती. बर्व्यांच्या घरी म्हातारीवर टॉवेल वाळत, सेठजींच्या घोड्यांवर तुपाचे डबे. तरी तेलपाण्याच्या दिवशी सगळं उतरवून ठेवलेलं असे. कोण उतरवायचं ते मी पाहिलं नाही. आमच्याकडे मी उतरवायचो.

आमच्या घरी फाशी. माझ्या लग्नानंतर कुमुदनं पहिली गोष्ट विचारली ती ही, की हे कधी जाणार. माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला मंडळी आली तेव्हा आम्ही त्यावर पडदा टाकला होता. मुलाच्या वडिलांनी पडदा उचलला. त्यांच्या बटव्यात, देवाशप्पथ, एक ढब्बू होता. मग दर खेळाला आम्हीच मागची फळी उघडून तो परत काढून देत राहिलो आणि ते फाशी देत राहिले. देण्याघेण्याची बोलणी करायची राहूनच गेली, आणि बहिणीचं लग्न सुखरूप पार पडलं. जामदारसाहेबांनी याचं सगळं श्रेय घेतलं. "चांगल्या घरात एक फाशी असावी, लिमयेजी." पुढे राजेंद्र नगरात घर बांधलं तर कपाट दारातून जाईना; गवंड्यानं चौकट काढून पुन्हा बसवली आणि का ते विचारलं. मी सांगितलं नाही.

जामदारसाहेब एका थंडीत चार दिवसांच्या आजारात गेले. शेवटच्या दिवशी मी भेटलो तेव्हा बोलणं तुटक होतं. मी तरीही विचारलं, इतक्या वर्षांचा राहिलेला प्रश्न होता, की साहेब, ही कपाटंच का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कचेरीत नवीन आहे. "तुम्हाला मुलगा का झाला, असं मी कधी विचारलं?" म्हणाले आणि कुशीवर वळले.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या दसऱ्याला मी काकूंकडे सोनं द्यायला गेलो. त्या वरच्या खोलीत एकट्या बसल्या होत्या. खाली सेठजींच्या मुलाचे हमाल पोती रचत होते. मी वाकलो. त्यांनी आशीर्वाद दिला, हातावर वडी ठेवली आणि म्हणाल्या, "लिमये, तुमच्याकडचं ते परत द्या."

"कोणतं काकू?"

"कोणतं म्हणजे? तुमच्याकडे किती आहेत?"

मी आठवण करून दिली की त्यांनीच त्याला एक पायरी चढू दिली नव्हती.

"नव्हती ना," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी हे खाली सगळ्यांना तेलपाणी करायचे आणि शेवटी त्या मेल्याला चालवून बघायचे. ठप् झालं की मी तवा चढवायची. दुसरी पोळी फुगेपर्यंत हे वर. तुम्ही ते घेऊन गेलात आणि माझा अंदाजच गेला. कधी पोळ्या गार, कधी हे पाटावर ताटकळत. इतकी वर्षं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"कुठल्या तोंडानं बोलू? जन्मभर शिव्या घातल्या त्याला." त्यांनी पदरानं उगीच पाट पुसला. "आता एकटीच्या पोळ्या. पण त्या कधी करायच्या, तेच कळत नाही हो."

खरं तर मी उडी मारायला हवी होती. दहा-बारा वर्षांची ब्याद सुटत होती. त्याऐवजी मी ऐकलं की मी म्हणतोय, जिना अरुंद आहे, चौकट काढावी लागेल, शिवाय त्याची तबियत सध्या नरम असते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आज दसरा आहे."

दोन दिवसांनी आम्ही ते आणलं. जिन्याच्या वळणावर ते अडकलं, आणि खालच्या बाजूला अर्थातच मी होतो. वरून हमाल ओरडतायत, खालून सेठजींचा मुलगा सल्ले देतोय, माझा खांदा काळानिळा. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी ते उभं केलं. मी तेल दिलं. फार दिलं, जमिनीवर ओघळ आला, काकूंनी फडकं आणून पुसला. मग ढब्बू टाकला. दारं उघडली, पाद्र्यानं मान खाली घातली, ठप्. काकू उठून आत गेल्या. मी जिना उतरत होतो तेव्हा तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज आला.

आमच्या घरी तो कोपरा आता मोकळा आहे. कुमुदनं तिथे एक उंच फुलदाणी आणून ठेवली आहे, निळी, वर सोनेरी वेलबुट्टी. येणारे-जाणारे तिचं कौतुक करतात. मला ती वस्तू आवडत नाही. फुलदाणीत पैसा टाकला तर काहीही होत नाही. मी टाकून पाहिला.